नीस : हवापालटाचं शहर

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती, "सर, पुढच्या वेळी जरा हलकंफुलकं घ्या." आम्ही ती मनावर घेतली आणि संयोजकांना विषय कळवला : समुद्रकाठचं एक उन्हाळलेलं शहर. त्यांना तो फार आवडला. आता तो कितपत हलका राहतो ते पाहू, कारण तयारीला बसल्यावर आमच्या लक्षात आलं की या शहराचा इतिहास म्हणजे मुख्यतः आजारी माणसांचा इतिहास आहे.

शहराचं नाव नीस. फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्रावर. इटलीची हद्द तिथून गाडीने तासाभरात येते. आमची पुतणी लिओंला नोकरी करते. तिच्या आग्रहाने 2023 च्या मार्चमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, आणि थंडीने हैराण झालो. तेव्हा तीच म्हणाली, "काका, चार दिवस नीसला जाऊन या, काकूच्या गुडघ्यांना बरं वाटेल." म्हणजे आम्हीही हवापालटालाच गेलो. हा शब्द आज ऐकू येत नाही. आमच्या लहानपणी तो घरोघरी होता. डॉक्टर हात टेकले की म्हणायचे, हवापालट करून बघा. मग कुणी देवळालीला जाई, कुणी पाचगणीला, कुणी मिरजेला.

पहिल्या दिवशी समुद्रावर गेलो आणि आमच्या सौ. चक्क थांबल्या. "वाळू कुठाय?" नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गोटे आहेत, नदीतल्यासारखे करडे, गुळगुळीत गोटे. लाट मागे सरकताना ते एकमेकांवर घासतात आणि खळखळ असा आवाज होतो. रत्नागिरीकडच्या माणसाला हा किनारा अपुरा वाटतो. पण पाण्याचा निळा रंग मात्र आपल्याकडे दिसत नाही, हे कबूल केलं पाहिजे. त्या खाडीला देवदूतांची खाडी म्हणतात. किनाऱ्याला लागून सुमारे सात किलोमीटरचा रुंद रस्ता आहे, त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि माणसं समुद्राकडे तोंड करून तासन्‌तास बसलेली असतात. या रस्त्याचं नाव 'प्रोमनाद दे झांग्ले', म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. फ्रान्समधल्या सर्वांत प्रसिद्ध रस्त्यांपैकी एकाला इंग्रजांचं नाव कसं? आजचं व्याख्यान या प्रश्नापासून सुरू होतं.

1763 साली टोबायस स्मॉलेट नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ बायकोला घेऊन नीसला आला. शिक्षणाने डॉक्टर, व्यवसायाने कादंबरीकार. त्याच वर्षी त्याची एकुलती एक मुलगी वारली होती, पंधरा वर्षांची. त्याची स्वतःची छातीही बिघडलेली. नीस तेव्हा फ्रान्सचं नव्हतं, सार्डिनियाच्या राजाचं होतं, आणि गाव लहान, गलिच्छ आणि गरीब होतं. स्मॉलेट तिथे दीडएक वर्ष राहिला. समुद्रात उतरून पोहायचा, आणि छातीचा रोगी पाण्यात उतरतो हे पाहून गावकरी चकित व्हायचे. 1766 मध्ये त्याचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. ते अतिशय तिरसट पुस्तक आहे. नीसच्या माणसांविषयी त्याला फारसं चांगलं बोलवत नाही. पण पुस्तकाच्या शेवटी त्याने हवामानाची नोंदवही जोडली आहे. आज पाऊस, आज वारा, आज निरभ्र, अशी अनेक महिन्यांची. इंग्लंडमधल्या धुक्यात खोकत बसलेल्या श्रीमंत लोकांना तिरसटपणा दिसला नाही, ती नोंदवही तेवढी दिसली. इतके दिवस ऊन!

या नोंदवहीविषयी वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या आजोबांची वही आठवली. आमच्या थोरल्या आत्याला क्षय झाला होता. 1946 साली तिला मिरजेला नेलं, 1947 च्या श्रावणात ती गेली. आमचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे आम्ही तिला पाहिलेलं नाही. घरात तिचा एकच फोटो होता. व्हरांड्यात आरामखुर्ची, पायांवर घोंगडी, आणि डोळे उन्हाने बारीक केलेले. आजोबा तिच्याजवळ राहिले होते आणि रोज वहीत चार गोष्टी लिहीत : तारीख, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, आणि ऊन. "ऊन चांगले." "ऊन मध्यम." "ऊन नाही." शेवटच्या पानापर्यंत तेच. वडील ती वही कुणाला हात लावू देत नसत. लहानपणी आम्हाला वाटे, तापाचं ठीक आहे, पण उन्हाची नोंद कशाला? साठ वर्षांनी स्मॉलेटच्या पुस्तकात उत्तर मिळालं. ज्याच्या हातात औषध नसतं, तो ऊन मोजतो.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवले आणि त्यावर खरं औषध आलं ते स्ट्रेप्टोमायसीन, 1940 च्या दशकाच्या मध्याला. आत्यापर्यंत ते पोहोचलं नाही. म्हणजे स्मॉलेटपासून आमच्या आत्यापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं युरोपातली आणि आपल्याकडची वैद्यकी शेवटी एकच सल्ला देत होती : हवा बदला. या सल्ल्यावर नीस उभं राहिलं. इंग्रज येऊ लागले, मग रशियन, मग जर्मन. ऑक्टोबरात यायचं, एप्रिलच्या सुमाराला परतायचं. उन्हाळ्यात गाव रिकामं. आज आपण बीचवर उन्हात पडलेल्या पर्यटकांची चित्रं पाहतो, पण त्या काळी उन्हाळ्याचं ऊन कुणालाच नको होतं. हवं होतं हिवाळ्यातलं. 2021 मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही हिवाळी वास्तव्याचं शहर म्हणूनच.

आता त्या रस्त्याची गोष्ट. 1820 नंतर एका हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, संत्र्याच्या बागा गेल्या आणि खेड्यापाड्यांतले मजूर गावात भीक मागू लागले. फिरायला निघालेल्या इंग्रजांना भिकारी गाठू लागले. तेव्हा लुईस वे नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने वर्गणी काढली आणि त्या लोकांना समुद्राकाठी पायवाट बांधण्याच्या कामावर लावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर दुष्काळी काम. महाराष्ट्रातले निम्मे जुने रस्ते असेच झालेत आणि 1972 च्या दुष्काळातली खडी फोडणारी माणसं इथे बसलेल्या अनेकांनी पाहिली असतील. ती पायवाट सुरुवातीला दोनेक मीटर रुंदीची होती. गावकऱ्यांनी आपल्या बोलीत तिला इंग्रजांची वाट म्हटलं आणि नाव चिकटलं. पैसे देणाऱ्याचं नाव राहिलं, दगड वाहणाऱ्यांचं राहिलं नाही. हे सगळीकडेच होतं, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

जुन्या नीसमधल्या गल्ल्यांत फिरताना एक गोष्ट आमच्या डोळ्यांत भरली. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, एक फ्रेंच आणि दुसरी निसार, म्हणजे तिथली जुनी बोली. पाट्या दोन भाषांत दिसल्या की मराठी माणूस थांबतो. त्याला बेळगाव आठवतं. आणि खरोखरच इथे सीमाप्रश्न होता. तो सुटला कसा, हे ऐकण्यासारखं आहे.

1858 मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि सार्डिनियाचा पंतप्रधान काव्हूर यांची प्लॉंबिएर या गावी गुप्त भेट झाली. इटलीच्या एकीकरणाला ऑस्ट्रियाची अडचण होती. नेपोलियनने सैन्य द्यायचं कबूल केलं, मोबदल्यात सॅव्हॉय आणि नीस मागितलं. युद्ध झालं आणि पुढे हिशेबाचा दिवस आला. 24 मार्च 1860 रोजी तूरिनचा तह झाला. मग, लोकांचं मत घेऊ म्हणून 15 आणि 16 एप्रिलला मतदान ठेवलं. म्हणजे आधी करार, मग कौल. मतदानापूर्वीच फ्रेंच सैन्य गावात आलेलं होतं. 'नको'च्या चिठ्ठ्या मिळणंच कठीण होतं, अशी तक्रार तेव्हाच झाली. निकाल असा : फ्रान्सच्या बाजूने 25,743, विरोधात 160.

एकशे साठ! गोव्यात 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. आम्ही तेव्हा इंटरला होतो आणि निकाल ऐकून मेसमध्ये दोन दिवस भांडणं चालली होती. निकाल आमच्या मनासारखा नव्हता. पण आज त्या आकड्यांकडे पाहिलं की वाटतं, माणसांनी खरोखर मत दिलं तर आकडे असे दिसतात. घराघरांत मतभेद असतात, ते आकड्यांत उतरतात. पंचवीस हजारांत एकशे साठ ही निवडणूक नव्हे, ही हजेरी झाली.

अर्थात एकांगी बोलू नये. नीसमध्ये फ्रान्सकडे कल असणारे लोक पुष्कळ होते. व्यापार त्या बाजूचा होता, क्रांतीनंतर वीसएक वर्षं गाव फ्रान्सच्या ताब्यातही होतं. प्रामाणिक मतदान झालं असतं तरी कदाचित फ्रान्सचाच विजय झाला असता. पण मग ते प्रामाणिक का केलं नाही? जिंकणाऱ्याला केवळ जिंकून चालत नाही, त्याला विरोधक शिल्लकच नव्हता असं दाखवायचं असतं.

आणि हा सौदा कोणाच्या गावाचा झाला? जोझेप्पे गॅरिबाल्डीच्या. सावरकरांच्या 1907 च्या 'मॅझिनी'मुळे इटलीच्या एकीकरणाची कथा मराठी घरांत पोहोचली, त्यामुळे गॅरिबाल्डी हे नाव आमच्या पिढीला परकं नाही. तो नीसचा. 4 जुलै 1807 ला तिथे जन्मला, आणि गंमत अशी की तेव्हा ते गाव फ्रान्सच्याच ताब्यात होतं. 1860 मध्ये तो नीसचा प्रतिनिधी म्हणून तूरिनच्या संसदेत होता. मतदानाच्या तीन-चार दिवस आधी त्याने तिथे निषेधाचं भाषण केलं. उपयोग झाला नाही. मे महिन्यात तो हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीकडे निघाला आणि इटलीचा दक्षिण भाग जिंकून राजाच्या हाती दिला. ज्या देशासाठी हे केलं त्या देशात त्याचं स्वतःचं गाव नव्हतं. नीसच्या टेकडीवरच्या दफनभूमीत त्याच्या आईची कबर आहे. बायको अनिता हिच्या अस्थीही तिथे होत्या, 1932 मध्ये त्या रोमला नेल्या. खाली गॅरिबाल्डीच्या नावाचा चौक आहे, मध्ये पुतळा. फ्रेंचांनी 1891 मध्ये बसवला. शहरं अशीच असतात. माणूस गेल्यावर त्याचा निषेधही त्यांच्या शोभेत जमा होतो.

त्या टेकडीला किल्ल्याची टेकडी म्हणतात, पण वर किल्ला नाही. चौदाव्या लुईने 1706 मध्ये तो पाडून टाकला. आपण रायगड-पुरंदर चढलेली माणसं, किल्ला म्हटल्यावर काहीतरी बुरूज-तटबंदी शोधतो. इथे बाग, धबधबा आणि लिफ्ट. लिफ्ट आहे हे आम्ही अजिबात वाईट मानत नाही. (हशा) रोज दुपारी बारा वाजता या टेकडीवरून बार उडतो. त्याची गोष्ट अशी सांगतात की एकोणिसाव्या शतकात एका स्कॉटिश गृहस्थाची बायको सकाळी फिरायला गेली की गप्पांत रमायची आणि जेवणाला उशीर व्हायचा, म्हणून त्याने स्वखर्चाने तोफेची सोय केली. आमच्या सौ. म्हणाल्या, "स्वतः उठून पानं घ्यायची सोडून तोफ आणली." या भाष्यात आम्हाला काही भर घालता येत नाही.

टेकडीखाली कूर सालेयाचा बाजार आहे, फुलं, भाज्या, ऑलिव्ह. तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत सोक्का मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर काळी मिरी. थोडक्यात बेसनाचं धिरडं. गरिबाचं खाणं, गोदीतल्या कामगारांचं. सात हजार किलोमीटर जाऊन आम्ही रांगेत उभं राहून धिरडं खाल्लं. कोथिंबीर आणि हिरवी मिरची असती तर पूर्ण गुण दिले असते, असा घरचा अभिप्राय पडला.

आता ज्याच्यासाठी आम्ही मनातून नीसला गेलो होतो, त्याच्याकडे वळू. आम्ही तेहतीस वर्षं नीत्शे शिकवला. इच्छाशक्ती, अतिमानव, नित्य पुनरावर्तन, सगळं फळ्यावर लिहून, प्रश्नोत्तरांसकट. 1883 च्या डिसेंबरपासून सलग पाच हिवाळे तो नीसला राहिला, हे आमच्या टिपणांत एका ओळीत होतं आणि ती ओळ आम्ही वर्गात कधी वाचली नाही. ती चूक होती.

कारण हा माणूस पस्तिसाव्या वर्षी बाझेलच्या विद्यापीठातून प्रकृतीमुळे निवृत्त झाला होता. पेन्शनर प्राध्यापक, आमच्यासारखाच. डोळे जवळजवळ गेलेले, डोकं दिवसचे दिवस दुखणारं, ओकाऱ्या. तो कोरड्या, स्वच्छ आकाशाच्या शोधात फिरत होता. उन्हाळा स्वित्झर्लंडच्या डोंगरात, हिवाळा नीसला. नीसमध्ये निरभ्र दिवस किती, याचा तो हिशेब ठेवी. पुन्हा तीच वही! राहायचा साध्या भोजनगृहांत, पैसे वाचवायला उत्तरेकडच्या स्वस्त खोलीत. उन्हाच्या गावी येऊन बिनउन्हाची खोली, कारण ऊन येणाऱ्या खोलीचं भाडं जास्त. शेवटी त्याने जर्मनीहून एक शेगडी मागवून घेतली.

1887 च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलची धमाल संपल्यावर दुसऱ्याच पहाटे, 23 तारखेला, मोठा भूकंप झाला. शहर रस्त्यावर आलं, श्रीमंत मंडळी रेल्वे स्टेशनाकडे पळाली. नीत्शे शांत होता. ज्याच्या डोक्यात रोजच भूकंप, तो शांतच राहणार.

नीसजवळ डोंगराच्या सुळक्यावर एझ नावाचं खेडं आहे, समुद्रापासून चारशे मीटरहून अधिक उंच. खालच्या स्टेशनापासून वर जाणारी खडी पायवाट आहे. 'झरथुष्ट्रा'च्या तिसऱ्या भागातला महत्त्वाचा मजकूर त्याला ही वाट चढताना सुचला. आज वाटेला त्याचं नाव आहे. आम्ही ती वाट चालली. पूर्ण सत्य सांगायचं तर बसने वर गेलो आणि वाट उतरलो. (हशा) उतरायलाच दीड तास लागला. गुडघ्यांना ती अजून आठवते. चुनखडीचे दगड, पाइनची झाडं, एका वळणावर एकदम खाली समुद्र, पुढच्या वळणावर नाहीसा. अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसून आम्ही विचार केला : इथे धापा टाकत चढणारा, धड दिसत नसलेला एक माणूस, ज्याला उद्या डोकं दुखेल की नाही हेही माहीत नाही, तो म्हणतो की हेच आयुष्य असंच्या असं पुन्हा अनंत वेळा आलं तरी मला चालेल. फळ्यावर हा सिद्धान्त वाटतो. त्या वाटेवर ती एका रोग्याने केलेली पैज वाटते. 1888 च्या वसंतात तो नीस सोडून तूरिनला गेला आणि पुढच्या जानेवारीत तिथे त्याचं मन कायमचं कोसळलं. पैज जिंकली की हरली, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही. पण हा दगड आधी पाहिला असता तर तेहतीस वर्षं वेगळं शिकवलं असतं.

सिमिए हा नीसचा उंचावरचा भाग. रोमन काळाचे अवशेष तिथे आहेत, आणि एक अवाढव्य पांढरी इमारत, 'रेजिना'. व्हिक्टोरिया राणीसाठी म्हणून बांधलेलं हॉटेल. 1895 ते 1899 दर वसंतात राणी सिमिएला येई. गाढवाच्या गाडीतून फेरफटका मारी. तिचा हिंदुस्थानी मुनशी, आग्र्याचा अब्दुल करीम, बरोबर असे. 1897 मध्ये त्याला आणू नये म्हणून राणीच्या परिवारातल्या लोकांनी राजीनाम्याची धमकी दिली होती. राणीने ऐकलं नाही.

1897 चा मार्च-एप्रिल. तारखा वाचून आम्ही थबकलो. याच आठवड्यांत पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसं उचलून छावणीत नेत होते. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत होते. हवापालट हाच, पण दोन तऱ्हांचा. जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आला आणि 22 तारखेच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. सत्याहत्तर वर्षांच्या म्हातारीने उन्हात बसावं याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही, आम्हीही तेच करायला गेलो होतो. पण त्या पांढऱ्या इमारतीसमोर तिचा संगमरवरी पुतळा पाहताना शनिवार-नारायण पेठेतली कुलूपबंद घरं डोळ्यांपुढून हलेनात.

रशियन लोकांचंही थोडक्यात सांगतो. झारचा थोरला मुलगा निकोलाय 1865 मध्ये इथे वारला, एकवीस वर्षांचा. ज्या जागी वारला तिथे पुढे रशियन कॅथेड्रल उभं राहिलं, 1912 मध्ये. कांद्याच्या आकाराचे रंगीत घुमट, पाहण्याजोगे. आणि चेकॉव्ह. स्वतः डॉक्टर, स्वतः क्षयाचा रोगी. 1897-98 चा हिवाळा त्याने इथे एका रशियन भोजनगृहात काढला, फ्रेंच वर्तमानपत्रं वाचून द्रेफ्यूस प्रकरणात निरपराध माणसाची बाजू घेतली, आणि त्यावरून आपल्या जुन्या प्रकाशक-मित्राशी बिनसवलं. मातिस आला 1917 च्या डिसेंबरात, उन्हासाठीच, आणि बरेच दिवस पाऊसच पडत राहिला. वैतागून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात आकाश उघडलं. मग तो जवळजवळ जन्मभर राहिला. 'रेजिना'चं हॉटेल बंद पडून त्याच्या सदनिका झाल्या, त्यातच त्याने घर घेतलं. सिमिएला त्याचं संग्रहालय आहे आणि कबरही.

उन्हाळ्याचं नीस त्यानंतरचं. पहिल्या महायुद्धानंतर उन्हात रापणं ही फॅशन झाली, आणि 1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा आला. गिरणीतला माणूस बायकापोरांसह पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाला. आमच्या मते नीसच्या इतिहासात राजे-राण्यांच्या सगळ्या मुक्कामांपेक्षा हे मोठं.

ते ऊन फार दिवस टिकलं नाही. महायुद्धात नीस इटालियन सैन्याच्या ताब्यात होतं आणि इटालियनांनी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करायला नकार दिला, त्यामुळे हजारो ज्यू या शहरात येऊन लपले. 1943 च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली आणि दोनच दिवसांत जर्मन आले. आलोइस ब्रुनर या अधिकाऱ्याने स्टेशनाजवळच्या 'एक्सेलसियर' हॉटेलात ठाण मांडलं. पकडलेली माणसं या हॉटेलात ठेवत आणि तिथून आगगाडीने पॅरिसजवळच्या द्रांसीला, पुढे ऑशविट्झला. हवापालटासाठी बांधलेलं स्टेशन आणि हवापालटासाठी बांधलेलं हॉटेल. सिमोन जाकोब नावाची सोळा वर्षांची नीसचीच मुलगी 1944 च्या मार्चअखेर रस्त्यात पकडली गेली, शाळेच्या शेवटच्या परीक्षेनंतर एका दिवसाने. आई, वडील, भाऊ परतले नाहीत. ती परतली. सिमोन वेल या नावाने ती पुढे फ्रान्सची आरोग्यमंत्री झाली, 1979 मध्ये थेट निवडून आलेल्या युरोपीय संसदेची पहिली अध्यक्ष झाली. आम्ही स्टेशनावरून त्या हॉटेलपर्यंत चालत गेलो. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आणि 14 जुलै 2016. राष्ट्रीय दिनाची आतषबाजी पाहून लोक घरी निघाले असताना त्याच प्रोमनादवर एकाने मालमोटार गर्दीत घातली. 86 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. आज रस्त्याच्या कडेने खांब आणि जाड तारा आहेत. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं होतं, ही शोभेची रचना असावी.

शेवटच्या सकाळी आम्ही दोघं निळ्या खुर्च्यांवर बसलो होतो. शेजारी एक फ्रेंच आजी होत्या, पायांवर शाल, डोळे बारीक केलेले. आमच्या सौं.ना त्यांनी खुणेने विचारलं, कुठून? त्या म्हणाल्या, "इंडिया." मग दोघी आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवून हसल्या आणि एकमेकींना काही न कळता बराच वेळ बोलत राहिल्या. आम्ही खिशातली छोटी डायरी काढली. प्रवासात आम्ही रोजचा खर्च लिहीत असतो. बसचं तिकीट लिहिलं, कॉफी लिहिली, आणि त्याखाली लिहिलं, ऊन चांगले. तेवढ्यात टेकडीवरून बार उडाला. बारा वाजले होते आणि आमची गाडी पावणेएकची होती.